दांत कोरून पोट

दांत कोरून पोट भरत नाहीं, ही म्हण ज्यानें प्रथम काढली त्याच्या गांवांत दंतवैद्य नसला पाहिजे. क्षुल्लक काटकसरीनें मोठी गरज भागत नाहीं, एवढाच त्या म्हणीचा अभिप्राय. परंतु ती अक्षरशः घेतली तर तिला खोटें पाडणारा एक संबंध व्यवसाय आपल्या डोळ्यांदेखत चालला आहे. साताऱ्यांत राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पायीं जावें आणि सहज मान वर करून पाट्या वाचाव्या, म्हणजे किराणा आणि कापड यांच्या खालोखाल दांतांच्याच पाट्या अधिक आहेत कीं काय असा भास होतो. बहुतेक पाट्यांवर एका पांढऱ्याशुभ्र दाढेचें चित्र असतें. कित्येकदां त्या दाढेला दोन डोळे आणि हंसतें तोंड काढलेलें असतें. दाढेलाच तोंड असलें तर त्या तोंडांत पुन्हां दाढा असणार आणि त्यांनाहि कीड लागणार, हा अनवस्थाप्रसंग रंगाऱ्याला सुचत नाहीं. आणि सुचला तरी दवाखान्याच्या मालकाची त्याला हरकत नसावी.

दंतवैद्यकावर लिहिण्याचा माझा अधिकार म्हणजे बत्तिसांपैकीं अठ्ठावीस शिल्लक असलेल्या मनुष्याचा. तरीहि इतकी वर्षें त्या खुर्चींत उताणें पडून, तोंड उघडें आणि वाचा बंद अशा अवस्थेंत, विचार करण्यास मला जितकी सवड मिळाली आहे तितकी ग्रंथालयांतहि मिळाली नाहीं. त्या सवडींत एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. इतर वैद्य आणि दांतांचा वैद्य यांच्या स्थितींत एक मूलभूत फरक आहे. एखाद्या तरुण डॉक्टरानें एक मेज, दोन खुर्च्या आणि गळ्यांत एक नळी एवढ्या भांडवलावर रोगी तपासावयास आरंभ केला तर चालतें. दांतांच्या डॉक्टराला मात्र पहिला रोगी येण्यापूर्वींच ती मागें कलणारी खुर्ची, तिच्या माथ्यावरचा दिवा, हवा कोंडून धरणारा आणि मधून मधून एकदम गुरगुरूं लागणारा कॉम्प्रेसर, हत्यारें निर्जंतुक करण्याचें यंत्र, क्ष-किरणांचें यंत्र, हें सारें मांडून बसावें लागतें. तें बहुधा कर्जानें आणलेलें असतें. रोगी येवो अथवा न येवो, महिन्याच्या ठराविक तारखेला बँकेचा हप्ता येतोच. दुसरें असें कीं, इतर वैद्यकांत औषध लिहून देणारा एक आणि तें विकणारा दुसरा, अशी एक लहानशी भिंत निदान दिसावयास तरी उभी आहे. येथें तीहि नाहीं. दांत किडला आहे असें सांगणारा तोच, तो कोरणारा तोच, त्यावर टोपी बसविणारा तोच आणि त्या टोपीचे पैसे मोजून घेणाराहि तोच. आणि ज्याच्या तोंडांत हा सर्व व्यवहार चालावयाचा त्याला स्वतःची दाढ स्वतःच्या पाठीइतकीच अदृश्य असते.

अशा माणसानें आपल्या धंद्याची जाहिरात करावी कीं करूं नये? हा प्रश्न या व्यवसायाइतकाच जुना आहे, आणि त्याचा इतिहास जितका करमणुकीचा तितकाच अंतर्मुख करणारा आहे.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पॅरिसमध्यें सेन नदीवरच्या पों नफ पुलावर 'ल ग्रां तोमा', म्हणजे 'थोरला थॉमस', या नांवानें प्रसिद्ध असलेला एक धिप्पाड दांत-उपटणारा भर गर्दींत आपलें दुकान थाटीत असे. १७२९ सालीं फ्रान्सच्या राजाला पुत्र झाला तेव्हां त्या आनंदाप्रीत्यर्थ यानें कांहीं दिवस लोकांचे दांत फुकट उपटून देण्याचें जाहीर केलें. आजच्या मोफत दंततपासणी शिबिरांचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाहीं. त्याच शहरांत, एकच वर्ष आधीं, पिएर फोशार नांवाच्या शस्त्रवैद्यानें दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. आधुनिक दंतवैद्यक त्याला आपला जनक मानतें. या ग्रंथांत फोशारनें भोंदूंच्या युक्त्याहि उघड्या केल्या आहेत. ठरवून आणलेला एक इसम गर्दींतून पुढें येई. त्याच्या तोंडांत रक्तानें भरलेल्या पातळ पडद्यांत गुंडाळलेला एक दांत आधींच ठेवलेला असे. उपटणाऱ्यानें नुसतें बोट लावावें आणि त्यानें तो दांत थुंकून टाकून दुखलें नाहीं म्हणून सांगावें! एकाच पिढींत, एकाच नदीच्या कांठीं, एकीकडे ग्रंथ आणि दुसरीकडे तमाशा. गर्दी कोठें होती हें सांगावयास नकोच.

परंतु या विद्येंत पूर्णत्व गांठलें तें अमेरिकेनें. एडगर पार्कर हा १८७२ सालीं कॅनडांत जन्मला आणि फिलाडेल्फियाच्या दंत महाविद्यालयांतून १८९२ सालीं रीतसर उत्तीर्ण झाला. म्हणजे हा भोंदू नव्हता, पदवीधर होता. गांवीं दुकान मांडलें, जाहिरात न करण्याची व्यवसायाची शिस्त पाळली, आणि रोगी येईचनात. तेव्हां त्यानें शिस्त सोडली आणि बँडबाजा धरला. भर रस्त्यांत व्यासपीठ उभारून तो दांत काढी. दुखलें तर उलट पैसे देण्याची त्याची हमी असे, आणि रोगी ओरडलाच तर ती ओरड वाद्यांच्या कल्लोळांत बुडून जाई. एका दिवसांत ३५७ दांत काढल्याचा त्याचा दावा होता आणि त्या दांतांची माळ तो गळ्यांत घाली. १९१३ सालीं त्यानें चक्क एक सर्कस विकत घेतली. आपल्या मराठींत 'दांत काढणें' याचे दोन अर्थ होतात. हे दोन्ही अर्थ एकाच तंबूंत सिद्ध करणारा हा एकटाच पुरुष असावा. पुढें खोट्या जाहिरातींविरुद्ध कायद्याचा बडगा येऊं लागला. 'वेदनारहित पार्कर' हें नांव लावण्यास हरकत निघाली, तेव्हां १९१५ सालीं त्यानें न्यायालयांत जाऊन आपलें नांवच कायदेशीरपणें 'वेदनारहित' असें करून घेतलें. आतां जाहिरात खोटी कशी म्हणावी? तें तर त्याचें नांव होतें! ती माळ आणि त्यानें काढलेल्या दांतांची एक बादली फिलाडेल्फियाच्या विद्यापीठाच्या दंत-संग्रहालयांत जपून ठेविली आहे.

पार्करला हंसणें सोपें आहे. पण त्याचें म्हणणें असें कीं, सभ्य दंतवैद्य आपल्या पाटीखालीं गप्प बसून श्रीमंतांची वाट पाहतात आणि गरीब माणूस ठणक्यानें तळमळत राहतो. मी निदान त्याच्यापर्यंत जातों आणि त्याला परवडेल तें करतों. या म्हणण्यांत मुळींच तथ्य नव्हतें असें मला म्हणवत नाहीं.

शिवाय धंद्याची हांव ही नेहमीं विद्येची वैरीणच असते असेंहि नाहीं. मनुष्यजातीला वेदनेपासून सोडविणारा जो शोध, त्याची जन्मकथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स यानें १८४४ च्या डिसेंबरांत एका खेळांत हास्यवायूचा प्रयोग पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशीं तो वायु हुंगून स्वतःची दाढ उपटून घेतली. पुढच्याच महिन्यांत तो बोस्टनला गेला आणि विद्यार्थ्यांसमोर त्यानें तोच प्रयोग करून दाखविला. पण रोगी मध्येंच ओरडला आणि वेल्सची हुर्रेवडी उडाली. त्याचा पूर्वींचा शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन हा अधिक व्यवहारी. त्याचा धंदा कवळ्यांचा. कवळी नीट बसावयाची तर हिरड्यांतील जुनीं मुळें आधीं उपटलीं पाहिजेत, आणि त्या यातनेच्या भीतीनें गिऱ्हाईक पळून जाई. ती भीति घालविणें ही त्याची दुकानदाराची गरज होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टनच्या रुग्णालयांत त्यानें ईथर हुंगवून एका रोग्याला बेशुद्ध केलें, शल्यवैद्यानें मानेवरची गांठ कापली, आणि रोगी ओरडला नाहीं. मॉर्टननें मात्र त्या ईथरमध्यें रंग आणि सुवास मिसळून त्याला एक भारदस्त नांव दिलें आणि त्यावर पेटंट घेतलें. वेल्सनें आपल्या वायूवर असला हक्क कधींच सांगितला नव्हता. १८४८ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या तुरुंगांत त्यानें आपलें आयुष्य संपविलें. मॉर्टनचीं उरलेलीं वीस वर्षें मोबदल्यासाठीं अमेरिकन सरकारापुढें दांतांच्या कण्या करण्यांत गेलीं. मनुष्य म्हणून माझा ओढा वेल्सकडे आहे. पण कोणाला कवळ्या विकावयाच्या होत्या म्हणून आज आपण शस्त्रक्रियेच्या मेजावर शांत झोपतों, हें मला विसरतां येत नाहीं.

आपल्या देशांत या व्यवसायाला प्रतिष्ठा उशिरां आली. रस्त्याच्या कडेला सतरंजी पसरून, समोर कवळ्या आणि सुटे दांत मांडून बसणारा दांतवाला, आणि मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांतून चीनच्या हुपे प्रांताकडून आलेल्या कुटुंबांचे 'चायनीज डेंटिस्ट' अशा पाटीचे दवाखाने, हींच सामान्य माणसाचीं दोन आश्रयस्थानें होतीं. त्या चिनी कुटुंबांत ही कला बापाकडून मुलाकडे येई. दंतवैद्यकाचें आपलें पहिलें महाविद्यालय डॉक्टर रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें. ते अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे पदवीधर. महाविद्यालय चालविण्यास पैसा हवा, म्हणून त्यांनीं 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नांवाचें एक पेयगृह काढलें आणि त्याचें उत्पन्न या कामीं लाविलें. गोड पेयांनीं कलकत्तेकरांच्या दांतांचें जें नुकसान झालें असेल तें त्याच पैशांतून शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं भरून काढलें, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो. मुंबईचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालचें. १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला आणि नोंदवहीचे दोन भाग पडले. पदवीधर पहिल्या भागांत, आणि पदवी नसून कित्येक वर्षें धंदा केलेले दुसऱ्या. रस्त्यावरच्या कसबी माणसाला एकदम गुन्हेगार न ठरवितां त्याच्या हयातीपुरतें सामावून घेण्याचें हें शहाणपण मला आवडतें. आज देशांत दंतवैद्यक शिकविणारीं महाविद्यालयें तीनशेंहून अधिक आहेत, आणि अडचण नेमकी उलटी झाली आहे. पूर्वीं दांत होते तर चणे नव्हते. आतां दांतवैद्य आहेत, तर त्यांना चणे नाहींत.

हें सर्व इतक्या विस्तारानें माझ्या डोक्यांत घोळूं लागण्यास कारण झाली आमच्या शेजारची एक मुलगी. ती माझ्यासमोर लहानाची मोठी झाली, सरकारी महाविद्यालयांतून चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाली, आणि दोन वर्षें दुसऱ्याच्या दवाखान्यांत पगारावर काढून तिनें स्वतःचा दवाखाना थाटला. जागेची अनामत वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या पैशांतून. बाकी सर्व कर्जाऊ. एके सायंकाळीं ती घरीं आली आणि म्हणाली, "काका, माझ्या दवाखान्याचं पत्रक काढायचं आहे. तुमची भाषा चांगली आहे. चार ओळी लिहून द्या."

तिच्याकडे आधींच एक प्रसिद्धीचें काम करणारा तरुण येऊन गेला होता. त्यानें तिला सांगितलें होतें कीं, हल्लीं लोक दांत दुखला म्हणून येत नाहींत, हंसणें सुधारावें म्हणून येतात. तेव्हां पत्रकावर उपचारापूर्वींचें आणि उपचारानंतरचें अशीं दोन छायाचित्रें पाहिजेत, पहिली तपासणी फुकट असली पाहिजे, आणि संतुष्ट रोग्यांकडून फोनवर पांच पांच तारे मिळविले पाहिजेत. त्याच्या भाषेंत रोगी हा शब्दच नव्हता.

मीं तिला व्यवसायाचे नियम विचारले. तिनें ते आणून दाखविले. भारतीय दंत परिषदेनें २०१४ सालीं केलेल्या त्या आचारनियमांत, दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, कांहीं काळ गैरहजर होतों आणि आतां परत आलों, अशा आशयाचीं निवेदनें वृत्तपत्रांत देण्यास मुभा होती. पाटी अवाजवी मोठी नसावी आणि तिच्यावर नांव, पदवी, विशेष विषय, नोंदणीक्रमांक असल्या मोजक्या गोष्टींपलीकडे कांहीं नसावें, असेंहि त्यांत सांगितलें होतें. वाचतांना मला रेल्वेच्या सूचनाफलकाची आठवण झाली. त्यांत अलंकार नाहीं, विशेषण नाहीं. आमच्या महाविद्यालयांतील निबंधांच्या वह्या तपासून विटलेल्या मनाला तें गद्य फार निर्मळ वाटलें. पण रस्त्यानें जातांना दिसणाऱ्या पाट्या पाहिल्या म्हणजे हे नियम कोणत्या देशासाठीं लिहिले असावेत असा प्रश्न पडे.

मी लिहावयास बसलों. प्रथम 'वेदनारहित' हा शब्द सुचला आणि लगेच पार्करची माळ डोळ्यांपुढें आली. 'अत्याधुनिक' लिहिलें, पण हें विशेषण दोन वर्षांत खोटें होतें आणि पत्रक मात्र लोकांच्या कपाटांत दहा वर्षें राहतें. 'माफक दरांत' म्हणावें तर कोणाच्या मापानें? 'अनुभवी' म्हणावें तर मुलगी अठ्ठावीस वर्षांची. 'मोफत तपासणी' या दोन शब्दांपाशीं मी सर्वांत अधिक वेळ अडलों. त्याचें कारण माझ्याच तोंडांत होतें.

थोड्याच दिवसांपूर्वीं एका मोठ्या शहरांत, एका झगमगीत दवाखान्यांत, असल्याच एका मोफत तपासणीला मी गेलों होतों. तेथें माझ्या तोंडांत एक लहानसा कॅमेरा फिरविला गेला आणि समोरच्या पडद्यावर माझ्या दाढा हत्तीच्या दाढांएवढ्या दिसूं लागल्या. इतक्या मोठ्या केलेल्या वस्तूवर डाग दिसणार नाहीं तर काय होईल? एका गोड बोलणाऱ्या तरुणीनें, जी डॉक्टर नव्हती, मला एक कागद दिला. तीन दाढांची मुळांपर्यंत सफाई, तीनांवर टोप्या, आणखी दोन दांतांत भरण. एकूण ६२ हजार रुपये. आजच ठरविल्यास दहा टक्के सूट. दाढेच्या दुखण्यावर सूट आजच असते आणि उद्यां नसते, हें वैद्यकशास्त्र मला नवीन होतें. तो कागद मी साताऱ्यास घेऊन आलों आणि या मुलीपुढें ठेविला. तिनें आरसा घेऊन पाहिलें, छोटीं क्ष-किरण चित्रें घेतलीं, तीं बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिलीं, आणि म्हणाली, "एक दाढ भरायला हवी, ती उद्यां भरूं. बाकीच्यांना हात लावायची आज गरज नाहीं. सहा महिन्यांनीं पाहूं."

आतां यांत कोण खरें? तिच्यावर माझा लोभ आहे म्हणून तीच खरी, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. १९९७ सालीं 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाच्या एका पत्रकारानें अमेरिकेच्या अठ्ठावीस राज्यांतील पन्नास दंतवैद्यांना आपलें एकच तोंड दाखविलें; तेव्हां त्याला मिळालेले खर्चाचे अंदाज पांचशें डॉलरांच्या आसपासपासून जवळजवळ तीस हजार डॉलरांपर्यंत होते. हे सर्वच चोर होते असें मानणें सोपें आहे, पण सोपें म्हणून तें खरें नव्हे. दांताची कीड ही मोडलेल्या हाडासारखी होय-नाहींची गोष्ट नाहीं. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेचें आम्ल करतात, आम्लानें दांताच्या कवचांतील खनिज झिरपून जातें, आणि प्रथम नुसता एक खडूसारखा पांढरा डाग पडतो. याच अवस्थेंत साखर आंवरली, दांत नीट घासले, फ्लोराइड मिळालें, तर लाळेंतील खनिज पुन्हां त्या जागीं बसतें आणि डाग तेथेंच थांबूं शकतो. कवच फुटून खड्डा पडला म्हणजे मात्र तो आपोआप भरत नाहीं. या दोहोंच्या मध्यें एक धूसर प्रदेश आहे, आणि त्या प्रदेशांत डॉक्टराची विद्या आणि त्याच्या कर्जाचा हप्ता हे दोघे शेजारीं शेजारीं राहतात. तेथें कोणाचा आवाज कोणाला केव्हां ऐकूं येतो, हें त्या डॉक्टरालाहि दरवेळीं कळत असेल असें मला वाटत नाहीं.

शिवाय अप्रामाणिकपणाविनाहि माणूस अधिक कोरतो. जी. व्ही. ब्लॅक हा अमेरिकन दंतशास्त्राचा महापुरुष. भोंवतालच्या निरोगी भागाला पुढें कीड लागूं नये म्हणून तोहि आजच कोरून घ्यावा, असा त्याचा उपदेश पिढ्यान् पिढ्या पाठ झाला. आज तो मागें पडला आहे. ब्रिटनमध्यें दंतवैद्याला प्रत्येक कामागणिक सरकार पैसे देई. तेथें अनावश्यक उपचारांची चौकशी करणाऱ्या शान्शीफ समितीनें १९८६ सालीं जो अहवाल दिला त्यांत जाणूनबुजून केलेल्या लबाडीहून कालबाह्य झालेल्या समजुतीलाच अधिक दोष दिला. त्याच देशांत २००० सालीं अशा सूचना निघाल्या कीं, कांहीं विकार नसलेली अक्कलदाढ केवळ अडकलेली आहे म्हणून काढूं नये. तोंवर अशा किती निरोगी अक्कलदाढा निघाल्या असतील! आणि काढणाऱ्यांतले पुष्कळजण रात्रीं शांत झोपणारे, सज्जन, मुलाबाळांचे बाप होते.

मी अखेर पत्रकावर एक ओळ लिहिली: 'गरज नसल्यास येथें कांहीं केलें जात नाहीं.' मला ती फार पसंत पडली होती. ती वाचून मुलगी खळखळून हंसली. "काका, हें छापलं तर लोक म्हणतील, हिला कांहीं येतच नाहीं!" मग ती गंभीर झाली आणि म्हणाली, "तुमच्या दाढांकडे मीं पाऊण तास पाहिलं. त्या तिन्ही कोरल्या असत्या तर माझा या महिन्याचा हप्ता निघाला असता. न कोरण्याचे मी काय घेणार? लोक भरलेल्या दाढेचे पैसे देतात, राखलेल्या दाढेचे देत नाहींत."

या तिच्या बोलण्यावर पत्रकाची सारी चर्चा एकदम पोरकट वाटूं लागली. वकील नुसत्या सल्ल्याची फी घेतो. आम्ही अध्यापक तर वर्षाकांठीं विद्यार्थ्याला कांहीं आलें कीं नाहीं याची वास्तपुस्त न करतां पगार घेतों. पण हाताचें काम करणाऱ्याला हात चालल्याशिवाय पैसा मागण्याची सोय आपल्या समाजानें ठेविलेली नाहीं. आणि दंतवैद्याकडे आपण अजूनहि सुतारासारखेंच पाहतों. सुतारानें दार तपासून 'ठीक आहे, चालूं द्या' म्हटलें तर त्याला आपण फार तर चहा पाजतों. मोफत तपासणी या शब्दांतच हा अन्याय कायम केलेला आहे. जेथें पाहणें फुकट, तेथें पाहणाऱ्याला कांहींतरी सांपडलेंच पाहिजे. त्या झगमगीत दवाखान्यांत मला कॅमेरा, पडदा आणि ती गोड तरुणी हें सारें फुकट मिळालें असें वाटलें होतें. त्याचें बिल त्या कागदावर होतें.

मी तिला म्हणालों, "मग पाहण्याचेच पैसे घे. दोनशें रुपये. आणि हें पत्रकावर लिही." तिचा पहिला आक्षेप हा कीं, शेजारचे तिघेहि फुकट तपासतात. दुसरा आक्षेप तिनें बोलून दाखविला नाहीं, पण मला तो दिसला: मला हें सांगणें सोपें होतें, माझ्या खुर्चीवर कर्ज नव्हतें. आठ दिवस ती पुन्हां आली नाहीं. नंतर आली ती छापलेलें पत्रक घेऊनच. त्यावर तिचें नांव, पदवी, नोंदणीक्रमांक, पत्ता, वेळ, आणि 'तपासणी: रुपये २००. काय करावयाचें व काय करावयाचें नाहीं, तें लिहून दिलें जाईल' एवढाच मजकूर होता. दुसरें वाक्य माझें नव्हे, तिचें. माझ्या चारपांच खर्ड्यांपेक्षां तें सरस होतें. छापखान्याच्या मालकानें म्हणे रिकामी राहिलेली जागा पाहून तेथें हंसणाऱ्या दाढेचें चित्र फुकट घालून देण्याची तयारी दाखविली होती.

याला आतां दीड वर्ष होत आलें. हप्ते चुकलेले नाहींत, पण सोमवार आणि गुरुवार ती अजून दुसऱ्याच्या दवाखान्यांत जाऊन काम करते, म्हणून चुकलेले नाहींत. तिनें एक वही केली आहे. तींत ज्या दांतांना हात न लावतां लक्ष ठेवावयाचें ठरलें त्यांची नोंद असते: नांव, कोणती दाढ, डाग केवढा, पुन्हां केव्हां पहावयाचें. माझ्या दोन दाढा तींत अजून आहेत. तिसरी गेल्या पावसाळ्यांत भरावी लागली, आणि भरतांना तिनें मला आरशांत दाखविली; मला अर्थात् कांहीं समजलें नाहीं.

मागच्या खेपेस मी बाहेर बांकावर बसलों असतां कोरेगांवकडचा एक वयस्क शेतकरी आंत होता. दार अर्धें उघडें होतें. तिनें पाहिलें, चित्र काढलें, हिरडीची थोडी निगा कशी राखावी तें दोनदां समजावून सांगितलें, कागदावर लिहून दिलें आणि दोनशें रुपये मागितले.

"बाई, पण तुम्ही केलं काय?"

"पाहिलं, मामा."

म्हातारा थोडा वेळ तो कागद उलटसुलट करीत उभा राहिला. मग त्यानें बंडीच्या खिशांतून शंभराची एक नोट काढून मेजावर ठेविली आणि म्हणाला, "निम्मं आत्ता. दाढ टिकली तर निम्मं सहा महिन्यांनी." तिनें कांहीं न बोलतां ती नोट घेतली आणि वहींत त्याचें नांव लिहून पुढें तारीख घातली. ती तारीख पुढच्या महिन्यांत येते.